‘नो कॅन डू’ की ‘आय विल पास’?

अमेरिकी सहकाऱ्यांशी रोज चॅटवर बोलावे लागणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, की नकार देताना ‘नो कॅन डू’ लिहावे की ‘आय विल पास’. दोन्ही अनौपचारिकच, पण पहिल्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा आहे, तर दुसऱ्याचा ‘मला नको’.

‘शुक्रवारपर्यंत अहवाल मिळेल का?’ या प्रश्नाला ‘नो कॅन डू’ चालते, कारण त्यात अडचण बोलते. ‘केक घेणार का?’ याला मात्र ते विचित्र वाटते. तिथे ‘आय विल पास’ चपखल बसते. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बोली न लावता ‘पास’ म्हणणाऱ्या खेळाडूप्रमाणे यात निवड आपली असते, आणि म्हणूनच नेमून दिलेल्या कामाला हे उत्तर दिल्यास ते उद्धट ठरते.

सौम्यपणात ‘आय विल पास’ सरस आहे, कारण पुढे ‘थँक्स’ जोडले की त्याची धार जाते. ‘नो कॅन डू’ला ‘सॉरी’ जोडूनही तुटकपणा उरतो. शिवाय त्याची कर्ता नसलेली मोडकी रचना १९व्या शतकात चीनच्या बंदरांतील व्यापारात रुळलेल्या पिजिन इंग्रजीच्या (म्हणजे व्यवहारापुरत्या सोप्या, मिश्र इंग्रजीच्या) वळणाची असून त्यात चिनी लोकांच्या बोलण्याची थट्टा जाणवते, म्हणून काही जण ते टाळतात. (मीही टाळतो.)

तेव्हा ऐच्छिक आमंत्रणाला ‘आय विल पास, थँक्स’. जवळच्या मित्राने अशक्य काही मागितले तर फार तर ‘नो कॅन डू’. आणि वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना दोन्ही सोडून ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट’ म्हणावे व लगेच कारण द्यावे.