पायथनमध्ये मराठी मजकूर: स्प्लिट की रेगेक्स?

मराठी मजकुरातले शब्द सुटे करायचे असतील तर मी आधी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं साधं स्प्लिट हे तोडण्याचं फंक्शन वापरतो. ते मोकळ्या जागेवर तोडतं आणि ‘मराठी’ हा शब्द अख्खा हाती देतं. फक्त ‘मराठी,’ मधला स्वल्पविराम शेपटासारखा राहतो, तो स्ट्रिप या कडेची चिन्हं छाटणाऱ्या फंक्शनने काढायचा.

रेगेक्स, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याची पद्धत, इथे चक्क फसवतो. पायथनच्या री या रेगेक्ससाठीच्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू अधिक हा सलग अक्षरं शोधणारा नमुना ‘मराठी’वर चालवून बघा: ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे येतात. काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, अक्षरं नव्हे, जोडचिन्हं आहेत, म्हणून री त्यांना शब्दाचा भाग मानतच नाही. पर्ल या दुसऱ्या भाषेत तोच नमुना शब्द अखंड ठेवतो. पायथनमध्ये वेगळं बसवावं लागणारं रेगेक्स नावाचं मॉड्यूल घेतलं तरी काम होतं. आपल्या लिपीची अशी मोडतोड मला खरंच खुपते.

पण ‘पुणे, नाशिक; सातारा’ अशी स्वल्पविराम-अर्धविरामाची सरमिसळ आली की स्प्लिट अडतं. दोन्ही चिन्हांवर एका फटक्यात तोडायला री हवाच. पिनकोड शोधायलाही तोच बरा: बॅकस्लॅश डी हा आकड्यांचा नमुना ‘४११०३०’ मधले देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे, दोन्ही ओळखतो.