टँगोच्या ग्रेड परीक्षा: नऊ महिन्यांनंतर

लंडनमध्ये एका टँगो क्लासला नाव घालून मला नऊ महिने झाले. तिथे अर्जेंटाइन टँगोच्या चार ग्रेड आहेत, त्यातल्या दोन मी पार केल्या. ग्रेड असलेला क्लास लावावा का, असं दोन मैत्रिणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लहानपणी साताऱ्यात मी कथ्थक शिकले, गांधर्वच्या परीक्षा देत मध्यमापर्यंत पोचले. तिथे हातावर ताल धरून पढंत करायची, म्हणजे बोल म्हणायचे, मग तोडा नाचून दाखवायचा. समेवर आलात की नाही ते समोरच्याला लख्ख दिसतं. अर्जेंटाइन टँगोत ठरलेलं काहीच नसतं. नेणारा पुढचं पाऊल त्या क्षणी ठरवतो आणि जोडीदार ते मिठीतून ओळखतो. ब्रिटनमध्ये बॉलरूम टँगोच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा आहेत, पण त्यात आकृत्या नेमून दिलेल्या असतात. त्यामुळे या नाचाला गुण देणार तरी कसे, ही शंका घेऊनच मी पहिल्या परीक्षेला गेले.

परीक्षक बाई टेबलामागे बसल्याच नाहीत. त्या स्वतः माझ्याबरोबर नाचल्या. कार्लोस दि सार्ली या टँगो संगीतकाराची संथ रेकॉर्ड लावली आणि म्हणाल्या, आज फक्त चालायचं, ओचो (इंग्रजी आठच्या आकाराची पावलं) वगैरे काही नाही. दोन गाणी आम्ही नुसत्या चाललो. निकालाच्या कागदावर 'पास' होतं आणि खाली एक ओळ होती: 'उजव्या पायावर पूर्ण वजन येण्याआधी डावा निघतो.' कथ्थकच्या तत्कारात पाय आपटला की लगेच उचलायचा. ती वर्षानुवर्षांची सवय बाईंनी दोन गाण्यांत पकडली! पुढचे दीड महिने रोज रात्री ओटा आवरून झाला की मी मोजे घालून स्वयंपाकघरात, नेणाऱ्यासमोर जोडीदार चालतो तशी, उलटी चालत होते, दर पावलाला थांबत. त्या एका ओळीने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या चार महिन्यांत नव्या आकृत्या गोळा करून शिकले नव्हते.

दुसऱ्या ग्रेडला मी आधी नापास झाले. तिथे संगीत होतं हुआन दारिएन्झोचं. त्याच्या ठेक्याला जोर फार, आणि मी जोडीदाराच्या आधीच पाऊल टाकत होते. याच परीक्षेत चार जोड्या रोंडात, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने रांगेत नाचतात, आणि पुढच्या जोडीला मुद्दाम मध्येच थांबायला सांगतात. तेव्हा धक्का न लावता जागच्या जागी नाचत राहता येतं का, यालाही गुण असतात. हे मला मनापासून पटलं, कारण मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचाच्या संध्याकाळी, गर्दीत तेच लागतं. दोन महिन्यांनी पुन्हा बसले आणि सुटले.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. क्लासने ग्रेडप्रमाणे रंगीत मनगटपट्ट्या दिल्या आहेत. नाचासाठी विचारायची टँगोतली रीत म्हणजे काबेसेओ: लांबूनच नजर भिडवायची, मान किंचित हलवायची, समोरून होकार आला की उठायचं. आमच्या सरावाच्या संध्याकाळी लोक आधी मनगट बघायला लागले. नवी आलेली एक मुलगी पांढरी पट्टी बांधून तासभर खुर्चीतच बसून होती. मी उठून तिला घेऊन नाचले. तिचं चालणं माझ्यापेक्षा शांत होतं. त्या दिवसापासून मी पट्टी पर्समध्ये ठेवते. तक्रारही केली आहे, अजून बदल झालेला नाही. परीक्षेची वेगळी फी तीस पौंड, आणि नापास झालं की ती पुन्हा भरावी लागते, हेही धरून चाला.

तरी माझं उत्तर 'लावा' असंच आहे, फक्त आधी एक चौकशी करा: परीक्षक तुमच्याबरोबर स्वतः नाचतात का, आणि निकालात ग्रेडसोबत काही लिहून देतात का? नुसतं अक्षर मिळणार असेल तर ते तीस पौंड वाचवा.

तिसऱ्या ग्रेडला ओस्वाल्दो पुग्लिएसेचं संगीत आहे. ती परीक्षा मी नेणारी म्हणून द्यायची ठरवली आहे, त्यामुळे सध्या पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकते आहे, या वेळी पुढच्या दिशेने.