‘टेकऑफ’ टायरच्या नावाखाली माझे ११,५९० रुपये कसे गेले

२०२५ च्या दिवाळीआधी, शनिवार दि. ११ ऑक्टोबर रोजी, छत्रपती संभाजीनगरच्या बायपासलगत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी माझ्या डिझायरसाठी चार ‘शोरूम टेकऑफ’ टायर घेतले आणि ११,५९० रुपये मोजून नऊ वर्षांपर्यंत जुना, कोरून नवा केलेला माल घरी आणला. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी लेखापाल आहे, दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणे हाच माझा व्यवसाय आहे आणि सतरा वर्षे मी स्वतः गाडी चालवतो.

टेकऑफ म्हणजे नव्या गाडीवरून लगेच उतरवलेले कंपनीचे टायर. नवी गाडी घेतल्या घेतल्या काही हौशी लोक मोठी अलॉय चाके बसवतात आणि कंपनीचे कोरे टायर बाजारात येतात. असा माल खरोखर असतो, म्हणूनच त्याच्या आडून खोटा माल खपतो. माझी गाडी २०२० ची, ५८,००० किलोमीटर झालेली. कागदावर तिचे मायलेज लिटरला २३.२६ किलोमीटर, प्रत्यक्षात मला १९-२० मिळते आणि ते टिकावे म्हणून मी रुंद टायरांच्या फंदात न पडता मूळ मापाचे, १६५/८० आर १४ चेच, कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना कमी इंधन खाणारे टायर शोधत होतो. अधिकृत विक्रेत्याने एका टायरचे ४,६५० रुपये सांगितले होते, म्हणजे चारचे १८,६०० झाले असते. ऑनलाइन जाहिरातीत त्याच मापाचा, त्याच नामांकित कंपनीचा टायर २,९५० ला होता. चार टायरांमागे ६,८०० रुपये वाचणार असतील तर मध्यमवर्गीय माणूस फोन करणार नाही काय?

फोनवरच्या गृहस्थाने आधी १,००० रुपये ‘बुकिंग’ म्हणून मागितले, कारण “भाऊ, सकाळपासून तीन गिऱ्हाइकं येऊन गेली.” भाव इतका कमी कसा, हे मी विचारले होते, हे इथे नमूद करतो. त्यावर त्याने २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याचे सांगितले आणि जुना साठा मोकळा करायचा असल्याचीही पुस्ती जोडली. करकपातीची बातमी खरी होती. मात्र अधिकृत विक्रेत्याने सांगितलेल्या ४,६५० मध्ये ती कपात आधीच धरलेली होती आणि हा मनुष्य तर मला कराचे बिलच देणार नव्हता, मग कपातीचा त्याच्या भावाशी संबंध काय, हा प्रश्न माझ्यासारख्या लेखापालाला तिथे पडायला हवा होता. तो पडला नाही. “पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वरून लागतील,” असे तो म्हणाला, तेव्हाही मी एस्टिमेट लिहिलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर समाधान मानले. जीएसटी क्रमांक नसलेल्या कागदावर टायर घेऊ नका, मग तो दुकानदार तुमचा सख्खा मावसभाऊ का असेना.

मी काहीच तपासले नाही, असे नाही. माप पाहिले, ८५ टी हा भार आणि वेगाचा निर्देशांक पाहिला, आयएसआयची खूण पाहिली. सगळे अस्सल होते, कारण टायर अस्सलच होते, फक्त त्यांचे आयुष्य कधीच संपले होते. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस जवळजवळ नव्हते. “शोरूमपासून घरापर्यंत चालले ना भाऊ, तेवढ्यात झडतात,” हे उत्तर मला पटले. हात लावल्यावर बोटांना काळे लागले. मी ते रुमालाला पुसले आणि नव्या रबराचा रंग असेल असे मनाशी म्हटले. तो टायर पॉलिशचा थर होता आणि रुमालावरचा डाग चार धुण्यांनंतरही गेलेला नाही.

आता ज्या क्षणाची आठवण मला अजूनही रात्री जागे ठेवते, तो सांगतो. टायर बसवणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असावा. त्याने पहिला टायर रिमवर चढवायला घेतला तेव्हा मालक शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडला, “अरे, बाजू बदल! किती वेळा सांगायचं?” मुलाने निमूटपणे टायर उलटा केला आणि मग चढवला. पुढचे तीनही त्याने न सांगता तसेच बसवले. मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेत बसलो होतो आणि मनात काय म्हणालो असेन? हा माणूस कामात किती काटेकोर आहे! ज्या टायरला आतली-बाहेरची अशी ठरलेली बाजू नसते, त्याची बाजू बदलायला कोणी ओरडत असेल तर त्याला काहीतरी लपवायचे असते. अनेक टायरांवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की गिऱ्हाईक आंधळे होते.

तारीख कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा “नव्या लॉटला बारकोडवर असते,” असे म्हणून त्याने नक्षीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर २२२५ असे छापलेले होते. मी त्या कागदाचा फोटो काढला, टायरचा नाही. तारीख रबरात कोरलेली नसेल तर ती तारीख नव्हे.

हिशेब असा झाला. टायरांचे ११,८००, चार व्हॉल्व्हचे २४०, बॅलन्सिंगचे ४००, अलाइनमेंटचे ३५०, एकूण १२,७९०. माझे जुने चार टायर त्याने प्रत्येकी ३०० ला ठेवून घेतले, म्हणून १,२०० वजा. आगाऊ १,००० गेलेले होते, उरलेले १०,५९० यूपीआयने दिले. पैसे एका भलत्याच बाईंच्या नावावर गेले. “मिसेसचं खातं आहे,” असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंगला थरथर जाणवू लागली. नवे टायर बसायला वेळ लागतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. १७ तारखेला, वसुबारसेच्या संध्याकाळी, पुढच्या डाव्या चाकाची हवा कमी दिसली म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे समृद्धी महामार्गाने नागपूरला सासुरवाडीस निघायचे होते. त्याने चाक काढून आडवे टाकले, ओल्या फडक्याने आतली बाजू पुसली आणि थांबला. “साहेब, हे टायर तुम्हाला कुणी दिले?” त्याचे बोट १४१८ या आकड्यांवर होते, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. मग त्याने दोन्ही अंगठ्यांनी नक्षीची खाच फाकवून दाखवली. खाचेच्या कडा पात्याने कापल्यासारख्या धारदार होत्या, झीज दाखवणारे उंचवटे मधोमध चिरलेले होते आणि एका ठिकाणी तळाशी तारेची चमक दिसत होती. गोटा झालेला, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर गरम पात्याने पुन्हा कोरायचा आणि पॉलिश मारून विकायचा, याला धंद्यात कटिंग म्हणतात. उरलेली तीन चाकेही उतरवली. ३९१७, १४१८, ४६१६. शेवटचा टायर २०१६ च्या नोव्हेंबरमधला निघाला. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर, १२० च्या वेगमर्यादेत, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असताना मी या चार टायरांवर चारशे किलोमीटरहून अधिक जाणार होतो.

धनत्रयोदशीला मी नागपूरला नव्हे, अधिकृत विक्रेत्याकडे गेलो. तेच १८,६०० आणि बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे ७५०. एकूण गेले ३०,९४०. या वेळी प्रत्येक टायरची तारीख रिमवर चढण्याआधी वाचली आणि बिलावर ते आकडे लिहून घेतले. तुम्हीही लिहून घ्या, विक्रेता तोंड वाकडे करो वा न करो.

त्यानंतर सुरू झाला तो प्रकार फसवणुकीपेक्षा जास्त संतापजनक होता. आधी त्या शेडवर गेलो, तर कुलूप. शेजारच्या गॅरेजवाल्याने जागा महिन्याच्या भाड्याची असल्याचे सांगितले. पहिल्या पोलिस चौकीत रस्त्याची ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही, असे ऐकवण्यात आले. दुसऱ्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवून एका साहेबांनी विचारले, “पैसे तुम्ही स्वतः दिले, माल तुम्हाला मिळाला, मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे.” खोटे सांगून माल गळ्यात मारणे म्हणजे फसवणूकच, त्यासाठी भारतीय न्याय संहितेत ३१८ वे कलम आहे, असे मी म्हणालो, तर “मग तुम्हीच गुन्हा लिहा,” असे उत्तर मिळाले. हद्द कोणाचीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची नोंद कोणत्याही ठाण्याने घ्यावी, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे, हे मला नंतर एका वकील मित्राकडून कळले. म्हणजे पहिल्या चौकीने मला परत पाठवायला नको होते. शेवटी तक्रार अर्जावर शिक्का मारून मिळाला, तोही तिसऱ्या फेरीत. पोहोच घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यालयातून उठू नका.

बँकेने व्यवहार तुमच्याच पिनने झाला आहे, असे दोन ओळींत कळवून हात झटकले. जिचे नाव टायरवर आहे त्या कंपनीने अनुक्रमांक मागवले, चार दिवसांनी ते टायर वॉरंटीबाहेर असल्याचे सांगितले आणि तक्रार बंद केली. टायर जुना आहे हे मीच त्यांना कळवले होते! जाहिरातीच्या संकेतस्थळावर ती जाहिरात आता उपलब्ध नाही, एवढेच दिसते. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी जाहिरातीचा, विक्रेत्याच्या नावाचा आणि संपूर्ण संभाषणाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, परंतु तिथेही समोरच्याचे नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे आहे ती पिवळी चिठ्ठी आणि एका बाईंचे नाव.

माझ्या जुन्या टायरांचा विचार मात्र डोक्यातून जात नाही. १.६ मिलिमीटर ही कायद्याने ठरवलेली नक्षीची किमान खोली, माझ्या टायरांवर दोनच्या वर शिल्लक होती आणि चारही २०२० चे होते. मी विकत घेतलेल्या टायरांपेक्षा ते निश्चितच चांगले होते आणि मी ते प्रत्येकी ३०० रुपयांना देऊन टाकले.

मागच्या आठवड्यात त्याच फोटोंची जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. भाव २,८५०. पत्नीच्या मोबाइलवरून मी ‘आतल्या बाजूच्या तारखेचा फोटो पाठवा’ एवढेच लिहिले. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पाच मिनिटांत तो क्रमांकही ब्लॉक झाला.