नवी मुंबईतील सोसायटी लीगची ड्राफ्ट-लॉटरी सेवा : बरोबरीचा हिशेब कितपत चोख?

आंतर-सोसायटी बास्केटबॉल लीग भरवून देणाऱ्या नवी मुंबईतील एका आयोजक मंडळींची सेवा आमच्या सानपाड्याच्या संघाने या हंगामात घेतली. मैदान, पंच आणि वेळापत्रक यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पंच वेळेवर येत, गुणपत्रक त्याच रात्री व्हॉट्सॲपवर मिळे आणि पिण्याच्या पाण्याचा जार मात्र दुसऱ्या सामन्यापर्यंत रिकामा झालेला असे. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्या ‘ड्राफ्ट संध्याकाळी’चे, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाचे आहे, कारण तिच्यासाठी ते वेगळे शुल्क घेतात आणि माहितीपत्रकात ‘एनबीएच्या धर्तीवर लॉटरी’ असे ठळक अक्षरांत छापतात (एनबीए म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग). एवढा मोठा दावा केला, की त्याच मापाने सेवा मोजणे आले.

मूळ पद्धत थोडक्यात सांगायला हवी. एनबीएमध्ये प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) न पोहोचलेले 14 संघ लॉटरीत असतात, आणि नवे खेळाडू आधी कोणी निवडायचे हे तिच्यातून ठरते. यंत्रात 1 ते 14 क्रमांकांचे चेंडू फिरवून चार चेंडू काढले, तर त्यांचे 1001 संयोग होऊ शकतात. त्यांपैकी 1000 संयोग संघांमध्ये वाटलेले असतात आणि उरलेला एक निघाला, तर पुन्हा सोडत काढली जाते. 2019 मध्ये लागू झालेल्या वाटपानुसार सर्वांत खालच्या तीन संघांना प्रत्येकी 140 संयोग मिळतात, त्यानंतर 125, 105, 90 असे कमी होत चौदाव्या संघाच्या वाट्याला 5 येतात. सोडतीने फक्त पहिल्या चार निवडी ठरतात. बाकीचे संघ आपल्या विजय-पराभवांच्या क्रमाने मागे उभे राहतात.

दोन संघांचे विजय-पराभव सारखे असले, तर त्यांच्या दोन्ही जागांचे संयोग एकत्र करून निम्मे निम्मे वाटले जातात. 2019 मध्येच न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस आणि डॅलस हे तिन्ही संघ 33 विजय आणि 49 पराभवांवर थांबले होते. सातव्या, आठव्या आणि नवव्या जागेचे 75, 60 आणि 45 मिळून 180 झाले आणि प्रत्येकाला 60 मिळाले. न्यू ऑर्लिन्सला पहिली निवड लाभली, मेम्फिसला दुसरी, आणि डॅलसची निवड थेट दहाव्या क्रमांकावर घसरली. समान संधी दिल्यावरही निकाल इतका विषम लागू शकतो, आणि त्यात अन्याय काहीच नाही.

पेच येतो तो बेरीज विषम असली की. 2025 मध्ये डॅलस आणि शिकागो दोघेही 39 विजय आणि 43 पराभवांवर होते. अकराव्या जागेचे 20 आणि बाराव्या जागेचे 15 मिळून 35 झाले. एका संयोगाचे दोन तुकडे करता येत नाहीत, म्हणून आधीच सोडत काढून डॅलसला 18 आणि शिकागोला 17 दिले गेले. त्या सोडतीतून केवळ एक जादा संयोग ठरला नाही, तर दोघांमधला क्रमही ठरला, आणि संयोगांचे गठ्ठे क्रमानुसारच वाटले जातात. पुढे डॅलसच्याच गठ्ठ्यातला संयोग निघाला, त्यांना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी कूपर फ्लॅग या बहुचर्चित तरुण खेळाडूला घेतले. शिकागो बाराव्या क्रमांकावर राहिले. ती छोटी सोडत उलटी लागली असती, तर तोच गठ्ठा शिकागोच्या हाती असता. बरोबरी सोडवण्याच्या कामाला किरकोळ समजू नये, ते याचसाठी.

आता आपल्या लीगकडे येतो. आठ संघांपैकी खालचे चार लॉटरीत होते. घणसोलीचा एक विजय होता, कोपरखैरणे आणि आम्ही प्रत्येकी दोन विजय, पाच पराभवांवर, आणि सीवूड्सचे तीन विजय. आयोजकांनी यंत्राऐवजी हाउजीचा संच वापरला, आणि ही कल्पना मला मनापासून आवडली. 1 ते 90 या सोंगट्यांचे वाटप 36, 27, 18 आणि 9 असे होते. पहिल्या दोन निवडी सोडतीने आणि पुढच्या क्रमाने, हेही गणित आठ संघांच्या लीगला शोभणारे आहे. सोंगट्या कापडी पिशवीत होत्या, पिशवी धरणाऱ्याने मान वळवलेली होती आणि प्रत्येक सोंगटी पिशवीत टाकण्यापूर्वी टेबलावर ओळीने मांडून सर्व कर्णधारांना मोजू दिली. इतकी पारदर्शकता मी महापालिकेच्या सभागृहांतल्या मोठ्या सोडतींतही क्वचित पाहिली आहे.

गाडी अडली ती बरोबरीवर. 27 आणि 18 मिळून 45 होतात. म्हणजे एका संघाला 23 आणि दुसऱ्याला 22. जादा सोंगटी कोणाची, हे आयोजकांनी वर्णानुक्रमाने ठरवले. ‘क’ आधी, ‘स’ नंतर, म्हणून कोपरखैरण्याला 37 ते 59 आणि आम्हाला 60 ते 81. त्यानंतर सोडत झाली. पहिली सोंगटी 86 निघाली, सीवूड्सवाल्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. दुसरी 17, म्हणजे घणसोली. राहिलो आम्ही दोघे. तेव्हा कुठे खिशातून दहा रुपयांचे नाणे निघाले, छापा की काटा झाले आणि तिसरी निवड आम्हाला मिळाली.

निकाल आमच्या बाजूने लागला, तरी ही रीत मला मान्य नाही. एकाच बरोबरीचे दोन भाग करून एक भाग अक्षरांवर आणि दुसरा नशिबावर सोपवला गेला. एकाला सोंगटी मिळाली, दुसऱ्याला नाणेफेक, म्हणजे फिटंफाट झाली, असे आयोजकांपैकी एकजण म्हणाले. पण वर्णानुक्रम हा नशिबाचा प्रकारच नाही. पुढच्या दहा हंगामांतही सानपाडा आणि सीवूड्स यांना प्रत्येक बरोबरीत मागेच बसावे लागेल आणि ऐरोलीला कधीच नाही. नाणेफेक सोडतीच्या आधी, एकदाच आणि दोन्ही गोष्टींसाठी व्हायला हवी होती. ती मागाहून झाल्यामुळे कोणत्या संघाला काय मिळणार हे सगळ्यांना दिसत असतानाच नाणे उडाले, आणि मग नाणे कोणी उडवायचे यावरही पाच मिनिटे हुज्जत झाली.

दोघांमधील सामना कोणी जिंकला होता ते पाहून निकाल लावावा, अशी सूचना कोपरखैरण्याच्या कर्णधाराने केली. आयोजकांनी ती नाकारली आणि योग्यच केले. एनबीएमध्येही आपसातल्या सामन्यांचा निकाल प्लेऑफचे मानांकन ठरवताना पाहतात, लॉटरीतली बरोबरी सोडवताना पाहत नाहीत. खालच्या संघांमध्ये हरणाऱ्याला आधीची निवड द्यायची म्हटले, तर शेवटच्या आठवड्यातला तो सामना दोन्ही संघ हरण्यासाठीच खेळतील.

आणखी एक श्रेय त्यांना द्यायला हवे. दुसऱ्या फेरीत बरोबरीतल्या संघांचा क्रम उलटवायचा, हा एनबीएचा नियम त्यांच्या नियमपत्रिकेत होता आणि कोणी आठवण न करताच पाळला गेला. तिसरी निवड आमची होती, म्हणून दुसऱ्या फेरीत कोपरखैरणे आमच्या आधी आले आणि बेलापूरचा आम्हाला हवा असलेला उंच सेंटर घेऊन गेले. वाईट वाटले, पण तक्रार नाही.

विषम बेरजेचा प्रश्न तर त्यांना मुळातच टाळता येईल. 81 ते 90 या दहा सोंगट्या बाजूला काढून 80 वर लॉटरी घ्यावी आणि वाटप 32, 24, 16, 8 असे ठेवावे. प्रमाण तेच राहते आणि लगतचे दोन, तीन किंवा चारही संघ बरोबरीत आले, तरी वाटणी पूर्णांकात होते. क्रमासाठी नाणेफेक तरीही लागेलच. ती सोडतीआधी घेण्याचे आयोजकांनी तोंडी मान्य केले आहे, 80 सोंगट्यांच्या सूचनेवर मात्र ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. नोंदणी करू इच्छिणाऱ्या संघांनी शुल्क भरण्यापूर्वी जादा सोंगटी कशी ठरणार आणि नाणेफेक केव्हा होणार, ही दोन वाक्ये नियमपत्रिकेत लिहून घ्यावीत. पिण्याचे पाणी घरून आणावे.