आठ महिने फिलिपिन्सच्या सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचल्यावर

डिसर्टेशनसाठी पर्यावरण कायदा घेतला तेव्हा गाईड मॅडम म्हणाल्या, भारत-अमेरिका तुलना सगळेच करतात, तू फिलिपिन्स बघ. तेव्हापासून आठ महिने रोज रात्री जेवण झालं की तिकडची जजमेंट्स उघडून बसते, कुणाला याच वाटेने जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मोठी सोय म्हणजे पैसे लागत नाहीत. कोर्टाची स्वतःची ई-लायब्ररी आहे, लॉफिल ही कायद्यांची मोफत वेबसाइट आहे, पूर्ण निकाल मिळतो, आणि तोही इंग्रजीत. आपल्याकडे जीआर म्हटलं की शासन निर्णय, तिकडे जी.आर. म्हणजे कोर्टाचं जनरल रजिस्टर, त्यामुळे पक्षकारांच्या नावापेक्षा जी.आर. नंबर टाकून शोधा, पटकन सापडतं. निकाल लिहिणारा जज म्हणजे पोनेन्ते, शेवटचा आदेश म्हणजे फाल्लो, हे शब्द आठवड्याभरात अंगवळणी पडतात. सिव्हिल कोड स्पॅनिश वळणाचा, पण त्याच्याच कलम ८ मध्ये म्हटलंय की कोर्टाचे निकाल हे देशाच्या कायदाव्यवस्थेचा भाग आहेत, म्हणून नुसता कोड वाचून काही भागत नाही.

आता माझं कळकळीचं सांगणं, डायजेस्टवर, म्हणजे निकालाच्या थोडक्यात सारांशावर, थांबू नका. ओपोसा विरुद्ध फॅक्टोरन (१९९३) घ्या. लहान मुलांनी स्वतःसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी जंगलतोडीविरुद्ध केस केली, कोर्टाने त्यांचा तो हक्क मानला, इतकं सगळे सांगतात, आणि ते वाचून मला कित्येक दिवस वाटत होतं की लाकूडतोडीचे परवाने तिथेच रद्द झाले. फाल्लो वाचला तर कळलं, खालच्या कोर्टाने केस फेटाळली होती तो आदेश फक्त रद्द झाला, म्हणजे केस पुढे चालवायची वाट मोकळी झाली, आणि परवानेधारकांना पक्षकार करायची मुभा दिली. शिवाय जस्टिस फेलिसियानोंचं वेगळं मत खाली आहे, त्यांना निष्कर्ष मान्य पण 'संतुलित आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क' हे शब्द फार व्यापक वाटतात. माझ्या डिसर्टेशनला खरा आधार त्या मताचाच मिळाला.

एकदा चांगलंच अंगाशी आलं. बीटी वांग्याच्या (जनुकीय बदल केलेलं वांगं) चाचण्यांवरची केस, जी.आर. नंबर २०९२७१. हे वांगं आपल्याला लांबचं नाही, त्यातलं जनुकीय तंत्र आपल्या जालन्याच्या महिकोचं. डिसेंबर २०१५ ला कोर्टाने सावधगिरीचं तत्त्व (धोका पक्का सिद्ध नसला तरी आधीच काळजी घ्यायची) लावून चाचण्या थांबवल्या, मी त्यावर पूर्ण बारा पानं लिहिली आणि मग समजलं की जुलै २०१६ ला कोर्टाने स्वतःच तो निकाल मागे घेतला, कारण चाचण्या तोवर संपलेल्या होत्या, परवान्यांची मुदतही संपली होती. मी ज्या साइटवर २०१५ चा निकाल वाचला तिथे याची एक ओळही नव्हती. बारा पानं गेली, वाईट वाटलं. तेव्हापासून नंबर टाकला की त्याखालचे नंतरचे सगळे रिझोल्यूशन्स (त्याच केसमधले कोर्टाचे पुढचे आदेश) तारखेप्रमाणे काढते, मगच वहीत घेते.

आणि मनिला बे. २००८ चा निकाल. खाडीच्या पाण्यात मैल्याचे जंतू एका मिलिलिटरला ५०,००० ते ८०,०००, आणि अंघोळीला चालेल अशी मर्यादा शंभर मिलिलिटरला २००, एकक बघा, मी आधी घाईत ते बघितलंच नव्हतं. कोर्टाने सरकारी खात्यांना खाडी साफ करायला लावलं आणि दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल मागितला, म्हणजे कंटिन्युइंग मँडॅमस, आदेश देऊन कोर्ट तो पाळला जातोय का हे पुढेही बघत राहतं. पुढे २०११ च्या रिझोल्यूशनला जस्टिस कार्पिओंचा मात्र विरोध, त्यांच्या मते हे सरकारचं काम कोर्टाने हातात घेणं झालं. २०१० च्या पर्यावरण खटल्यांच्या नियमांत हा मँडॅमस आणि रिट ऑफ कलिकासान (कलिकासान म्हणजे निसर्ग, पर्यावरणाच्या हक्कासाठीची रिट) दोन्ही आले.

पण कंटिन्युइंग मँडॅमसची ही कल्पना कुठून घेतली ते शोधत निकाल खाली-खाली वाचत गेले तर विनीत नारायण आणि एम. सी. मेहता, आपल्याच सुप्रीम कोर्टातले खटले! आपली गंगा, आपलं सुप्रीम कोर्ट, मनिलाच्या खाडीच्या निकालात. रात्री एक वाजला होता, मॅडमना तेव्हाच मेसेज केला. आता तिसरा चॅप्टर त्या परिच्छेदापासून सुरू होतो, आणि सध्या २०११ चं रिझोल्यूशन वाचायला घेतलंय.