सोक्किया बी 40 ए ऑटो लेव्हल : मशीन चोख, पण आधी नीट लावा

बंगल्याच्या प्लिंथपासून ड्रेनेज लाइनपर्यंतच्या लेव्हलिंगला, म्हणजे उंचीतला फरक मोजायला, ही लेव्हल पुरून उरते. 24 पट दुर्बीण, एक किलोमीटर जाऊन-येऊन केलेल्या लेव्हलिंगला 2 मि.मी. अचूकता. मात्र 'ऑटो' आहे म्हणून कशीही ठेवून चालत नाही. दृष्टिरेषा आपोआप आडवी करणारा आतला कॉम्पेन्सेटर साधारण 15 मिनिटांपर्यंतचाच, म्हणजे पाव अंशापर्यंतचाच, कल सांभाळतो. तिथवर फूट स्क्रू आणि गोल बबलने आपणच आणायचं असतं.

सगळी भिस्त ट्रायपॉडवर. पुण्याच्या सूस-बावधनच्या उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वर. काळ्या मातीत पाय नुसते टेकवले तर बॅक साईट (मशीन लावल्यावरचं पहिलं वाचन) आणि फोर साईट (मशीन हलवण्याआधीचं शेवटचं वाचन) यांच्या मध्ये मशीन हळूच खचतं, बबल मध्यावरच राहू शकतो आणि आर.एल. (बिंदूची काढलेली उंची) चुकतो. म्हणून पायाने दाबून रोवा. स्लॅबवर पाय फाकतात. तिथे तिघांना साखळी बांधा. ट्रायपॉडचं डोकं आधी नजरेनेच आडवं करा, म्हणजे फूट स्क्रू टोकाला जाणार नाहीत.

बबल मध्यावर आणून दुर्बीण 180 अंश फिरवा. बबल सरकला तर त्यालाच ॲडजस्टमेंट हवी: अर्धी चूक फूट स्क्रूने, अर्धी बबलखालच्या स्क्रूने काढा. मग आयपीस आकाशाकडे धरून क्रॉस हेअर (दुर्बिणीतल्या आडव्या-उभ्या रेषा) ठळक करा, नंतर स्टाफवर (उभ्या धरलेल्या मोजपट्टीवर) फोकस. डोळा वर-खाली करताना वाचन हललं तर पॅरलॅक्स शिल्लक आहे. ट्रायपॉडच्या पायाला हलकी टिचकी मारा. प्रतिमा थरथरून पहिल्याच वाचनावर परतली तर कॉम्पेन्सेटर मोकळा आहे.

भाड्याने घेताना टू-पेग टेस्ट, म्हणजे दोन खुंट्यांवर दृष्टिरेषेची तपासणी, केल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. स्कूटरच्या फूटबोर्डवर खड्ड्यांतून फिरलेल्या मशीनची दृष्टिरेषा ढळलेली असू शकते आणि ते बबलवर कधीच दिसत नाही. दोन खुंट्या 60 मीटरवर ठोका. मधोमध उभं राहून समजा 1.420 आणि 1.265 आलं: खरा फरक 0.155. आता पहिल्या खुंटीजवळ जा. तिथे 1.512 आलं तर दुसरीवर 1.357 हवं. 1.363 दिसलं तर दृष्टिरेषा वर चढते आहे. हा फरक 3 मि.मी.च्या आत असेल तर साइटचं काम चालतं; जास्त असेल तर कॅलिब्रेशनला पाठवा. तोवर बॅक साईट आणि फोर साईटची अंतरं सारखी ठेवलीत तर ही चूक आपोआप कटते.

मर्यादा आहेतच. उन्हाळी दुपारी डांबरावर 50 मीटरच्या पुढे मिलिमीटर स्थिर दिसत नाही. सकाळी काम उरका आणि दृष्टिरेषा जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर ठेवा. मशीन फाउंडेशनसारख्या (कारखान्यातल्या यंत्रांच्या पायासारख्या) बारीक कामाला याच कंपनीची 32 पट दुर्बिणीची बी 20 घ्यावी. साध्या साइटला बी 40 ए बस झाली. वाचलेले पैसे जड, घट्ट बिजागरीच्या ट्रायपॉडवर घाला.