‘टेंपल ऑफ द डॉग’ची ‘पहिली प्रेस’: 20,350 रुपये पाण्यात

जाहिरात बघून ‘टेंपल ऑफ द डॉग’ या रॉक अल्बमची ‘पहिली प्रेस’, म्हणजे 1991 च्या पहिल्या खेपेतली तबकडी, मागवली. आधी आकडे. 14,500 तबकडीचे, 3,850 ‘कस्टम’चे, 2,000 ‘परत मिळणाऱ्या विम्या’चे. सगळे यूपीआयने, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात. आलं काय? 2016 ची री-इश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली आवृत्ती. वरचं प्लॅस्टिक काढलेलं आणि कव्हरवर स्टिकर सोलल्याचा चिकट चौकोन.

हा धंदा याच अल्बमवर का चालतो ते बघा. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च 1990 मध्ये गेला. त्याच्या आठवणीत साउंडगार्डन बँडचा गायक ख्रिस कॉर्नेलने त्याच बँडचा ड्रमर मॅट कॅमेरॉन आणि पुढे पर्ल जॅम हा बँड झालेली मंडळी घेऊन हा एकच अल्बम केला. एप्रिल 1991 ला निघाला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 1992 ला दोन्ही बँड गाजल्यावर कंपनीने तो पुन्हा रेटला आणि मग खपला. म्हणून ‘91 ची आहे’ म्हटलं की वाट्टेल तो भाव.

जुनी एलपी म्हणजे एकच तबकडी, जवळजवळ 55 मिनिटं दोन बाजूंत कोंबलेली. 2016 ची दोन तबकड्यांची, ब्रेंडन ओब्रायनने नव्याने मिक्स केलेली. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत कव्हरचा कणा चांगला जाड दिसत होता. एका तबकडीला एवढा कणा? तिथेच सौदा मोडायचा! पण सोलापुरात जुनी प्रत हातात घेऊन बघायला मिळते कुठे? त्यात हा पठ्ठ्या ‘दादा, दादा’ करत मदर लव्ह बोनपासूनचा इतिहास घडाघडा सांगत होता. भलेभले फसतील.

चादर घेताना आपण उलटी करून वीण बघतो, तसा डेड वॅक्सचा फोटो मागा. लेबल आणि शेवटच्या खाचेमधली ती गुळगुळीत पट्टी. टॉर्च तिरका धरला की कोरलेला नंबर दिसतो. तो डिस्कॉग्सवर, म्हणजे तबकड्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, ताडा. ‘कॅमेरा बिघडलाय’ म्हणाला की ब्लॉक.

माल जर्मनीहून येणार होता म्हणे, खोक्यावर लेबल भिवंडीचं! कस्टम ड्युटी पोस्ट किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही.

आणि यंत्रणा? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शांतता. पोलीस ठाण्यात साहेब म्हणतात, ‘पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ अहो, खोटं सांगून पैसे उकळले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, हे आम्ही तुम्हाला शिकवायचं? दुसरे हसत म्हणाले, ‘एवढ्यात होम थिएटर आलं असतं की!’ ठाणं सायबर पोलिसांकडे पाठवतं, सायबरवाले ठाण्याचं पत्र मागतात. बँकेचं एकच पालुपद, ‘पिन तुम्हीच टाकला.’ आता पिन आम्ही नाही टाकायचा तर कुणी टाकायचा?

खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930 लावा. समोरच्याने काढून घेतले की गोठवायला काही उरत नाही.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. आता मॅड सीझन या बँडचा 1995 चा ‘अबव्ह’ अल्बम लावलाय, 16,000 ला. कस्टम वेगळं.